नादारीचा अर्ज : एका उपेक्षित गद्यप्रकाराचा विचार

१

मराठी गद्याच्या इतिहासात बखर, कैफियत, करीना, महजर आणि पत्रव्यवहार यांना आता निर्विवाद स्थान मिळालेले आहे. एकेकाळी हे कागद केवळ दप्तरातील रद्दी मानले जात. इतिहाससंशोधकांनी ते उजेडात आणले आणि पुढे वाङ्मयसमीक्षकांनी त्यांतील भाषेचा कस ओळखला. परंतु इंग्रजी अंमलानंतर न्यायालयांच्या आश्रयाने जे नवे व्यावहारिक गद्य जन्मास आले, त्याच्याकडे मात्र आपल्या समीक्षेने पाठच फिरविली आहे. अर्ज, कैफियत, प्रतिज्ञापत्र, जबानी यांचे गद्य कृत्रिम असते, ते वकिलांच्या कारकुनांनी ठराविक साच्यात ओतलेले असते, म्हणून ते अभ्यासास अपात्र, असा आपला सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धवट आहे. साचा हाही एक विचार असतो. कोणता मजकूर मागावयाचा आणि कोणता मागावयाचा नाही, हे साचा ठरवितो. आणि ज्याच्या आयुष्याचा प्रसंग त्या साच्यात बसवावयाचा असतो, त्याला कोणते सत्य सांगता येईल हेही त्यानेच ठरते.

प्रस्तुत लेखात अशा एकाच साच्याचा विचार करावयाचा आहे : व्यापारी मनुष्य देणी फेडण्यास असमर्थ झाला म्हणजे न्यायालयात जो अर्ज गुजरतो त्याचा, व त्या अर्जासाठी जी कागदपत्रे तयार करावी लागतात त्यांचा. विवेचनासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा प्रदेश निवडला आहे. तो निवडण्याचे कारण केवळ स्थानिक जिव्हाळ्याचे नाही. ऋणको व कागद यांचा संबंध गेल्या दीडशे वर्षांत कसा पालटत गेला, हे या प्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसते.

आरंभी शब्दांचा थोडा विचार अवश्य आहे. या प्रसंगासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत, ‘दिवाळे’ आणि ‘नादारी’. दिवाळ्याचा संबंध लोकांनी दिव्याशी जोडलेला आहे. भर दिवसा दुकानात दिवा लावून व्यापारी आपली असमर्थता जाहीर करी, अशी परंपरागत समजूत आहे. तिची ऐतिहासिकता काहीही असो, तीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : दिवाळे हे येथे एक उघड कृत्य आहे, बाजारपेठेच्या डोळ्यांसमोर केलेले. पण त्यापासून बनलेला ‘दिवाळखोर’ हा शब्द मात्र निंदाव्यंजक आहे. भांडखोर, चहाडखोर, लाचखोर यांच्या पंक्तीत तो बसतो, आणि एखादे व्यसन असावे तसे दिवाळे माणसाच्या स्वभावास चिकटवितो. गंमत अशी की, ‘व्याजखोर’ हाही त्याच पंक्तीतला. म्हणजे लोकभाषेने धनको व ऋणको या दोघांनाही एकाच प्रत्ययाने दोषी ठरविले आहे. ‘नादार’ हा फारसीतून आलेला शब्द याच्या उलट आहे. ज्याच्यापाशी नाही तो नादार. त्यात आरोप नाही, केवळ स्थितीचे निवेदन आहे. म्हणूनच गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीच्या माफीलाही आपल्या शाळांतून ‘नादारी’ असे म्हणत. अर्जदार या दोन शब्दांच्या मध्ये उभा असतो. बाजार त्याला दिवाळखोर म्हणत असतो आणि तो न्यायालयाकडून स्वतःस नादार म्हणवून घेऊ पाहतो. नादारीच्या अर्जाचे सारे नाट्य या अंतरात आहे.

२

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांत एक वैशिष्ट्य सर्व निरीक्षकांना जाणवले : जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर किंवा धान्यावर नव्हता, तर त्याच्या कागदांवर होता. मे महिन्यात सुपे येथे प्रारंभ झाला आणि गावोगाव कर्जरोखे व वह्या यांची होळी झाली. निरक्षर ऋणकोच्या दृष्टीने कागद ही दुसऱ्याच्या हातातील वस्तू होती. तो तिच्याशी वाद घालू शकत नव्हता, म्हणून त्याने ती जाळली. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातील महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करताना लेखणी कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे.

या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य अधिनियम निघाला. तो प्रथम पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांस लागू झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत ही मात्र संस्थाने होती. म्हणजे कृष्णाकाठच्या या एकाच भूभागात ऋणाचा विचार दोन भिन्न पद्धतींनी होत होता. पुढे १९४९ साली या तालुक्यांचा व विलीन संस्थानांचा मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

आपल्या दृष्टीने या अधिनियमातील महत्त्वाची गोष्ट ही की, त्याने न्यायालयावर ऋणाचा पूर्वेतिहास तपासण्याचे कर्तव्य टाकले. सावकाराने रोखा पुढे करावा आणि न्यायाधीशाने हुकूमनामा द्यावा, ही पद्धती त्याने मोडली. व्यवहार प्रथम केव्हा सुरू झाला, मुद्दल किती दिले गेले, व्याजाचे व्याज किती चढले, परतफेड काय झाली, हे मुळापासून पाहावे, आणि मुद्दलाचा व व्याजाचा हिशेब वेगळा मांडावा, असा त्याचा दंडक होता. शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, त्याने मागणी केल्यास त्याला पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तिका मिळावी, हीही तरतूद त्यात होती. ज्याचे कर्ज ५० रुपयांपर्यंत किंवा त्याहून अधिक आहे अशा शेतकऱ्यास नादार ठरविण्यासाठी अर्ज करण्याची वाटही त्याने मोकळी केली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या अधिनियमाखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

वाङ्मयीन परिभाषेत बोलावयाचे तर, १८७९ च्या कायद्याने ऋणाकडे कथानक म्हणून पाहिले. ऋणास आदि, मध्य आणि अंत असतो व त्यांचा कार्यकारणसंबंध शोधल्याशिवाय न्याय होत नाही, हे त्याने मान्य केले. पेशवाईतील करीन्याचे हेच तत्त्व होते. वादी व प्रतिवादी आपापला करीना लिहून देत; त्यात पिढ्यांचा वृत्तान्त येई, पाल्हाळ येई, पण ‘असे का झाले’ या प्रश्नास उत्तर देण्याचा प्रयत्नही येई.

ही पद्धती निर्दोष होती असे मात्र म्हणता येत नाही. इतिहास तपासण्यास वेळ लागे, तोंडी पुराव्यास मर्यादा असत, आणि सावकारांनी कर्जखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट लवकरच शोधून काढली. खताचे स्वरूपच बदलल्यावर इतिहास कशाचा तपासावयाचा? तरीही प्रश्न योग्य होता, उत्तरे अपुरी पडली, असा निर्वाळा द्यावा लागतो.

३

व्यापाऱ्यासाठी जो साचा तयार झाला तो निराळ्या परंपरेतून आला. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा स्वतंत्र कायदा होता. जिल्ह्यांसाठी १९०७ चा आणि त्याची जागा घेणारा १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. याच्या तेराव्या कलमात ऋणकोच्या अर्जात काय असावे ते सांगितले आहे. देणी फेडण्यास आपण असमर्थ आहोत असे निवेदन. राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण. अटक अथवा कैद झाली असल्यास कोणत्या न्यायालयाच्या हुकमाने. सर्व आर्थिक मागण्यांच्या रकमा व तपशील, धनकोंच्या नावा-पत्त्यांसह. सर्व मालमत्तेची रक्कम व तपशील, रोकड नसलेल्या वस्तूंच्या मूल्यासह व त्या कोठे आहेत त्या स्थळांसह. ती मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी. आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता काय याचा उल्लेख. एवढा सारा ऐवज या अर्जात असतो.

हा मजकूर समीक्षकाच्या नजरेने वाचला असता तीन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली अशी की, यात तुरुंगाची सावली आहे. अटकेची बाब अर्जाच्या मूळ घटकांत येते, कारण ज्या इंग्रजी परंपरेतून हा साचा आला तीत ऋणकोची जागा कैदखान्यात होती. चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होते, आणि त्या तुरुंगाची छाया त्या कादंबरीकाराच्या साहित्यावर अखेरपर्यंत राहिली. साताऱ्याच्या व्यापाऱ्याने भरावयाच्या अर्जात त्याच तुरुंगाचा दरवाजा एका रकान्याच्या रूपाने किलकिला राहिला आहे.

दुसरी गोष्ट निवेदकाची. आपल्याकडील प्रघाताप्रमाणे अर्जभर मनुष्य स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो : अर्जदाराचे दुकान होते, अर्जदारास तोटा आला, अर्जदाराकडे अमुक येणे आहे. केवळ शेवटी, सत्यापनात, ‘मी’ अवतरतो आणि वरील मजकूर आपल्या माहितीप्रमाणे खरा असल्याचे सांगतो. संपूर्ण लेखनात प्रथम पुरुष एकदाच येतो, आणि तो येतो शपथ घेण्यासाठी. हे कोणा लेखकाने योजलेले तंत्र नव्हे. परंतु त्याचा परिणाम विलक्षण आहे. धंदा करणारा आणि त्या धंद्याची साक्ष देणारा अशी एकाच माणसाची येथे फाळणी होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या अर्जात ‘किती’ विचारलेले आहे, ‘कोणाचे’ विचारलेले आहे, ‘कोठे’ विचारलेले आहे. ‘का’ विचारलेले नाही. कथानक गेले आणि यादी आली. ‘का’ हा प्रश्न कायदा विसरला आहे असे नाही. त्याने तो पुढे ढकलला आहे. ऋणमुक्तीचा हुकूम मागण्याची वेळ येते तेव्हा बेचाळिसावे कलम समोर येते. मालमत्ता रुपयास आठ आणेही भरत नाही, नादारीच्या आधीच्या तीन वर्षांत धंद्यास साजेशा हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत, नादार झाल्याचे कळूनही धंदा चालू ठेवला, मालमत्ता कशी घटली याचा समाधानकारक खुलासा केला नाही, अविचारी सट्टा किंवा उधळपट्टी केली, अशा कारणांनी पूर्ण मुक्ती नाकारता येते. म्हणजे अर्जाच्या दिवशी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अर्जाच्या दिवशीच तयार असावे लागते, आणि ते असावे लागते वहीत.

वहीसंबंधी या अधिनियमात एक लहानसा कंस आहे, ज्यात या सर्व विषयाचे सार साठविलेले आहे असे मला वाटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने काही वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत : नेसती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, आणि याच यादीत हिशेबाच्या वह्याही आहेत. नादारीच्या कायद्याने ही सारी सूट तशीच ठेवली, मात्र अठ्ठाविसाव्या कलमात कंस घालून हिशेबाच्या वह्या तेवढ्या त्यातून काढल्या. नादाराच्या घरातील तवा राहतो, मंगळसूत्र राहते, गोधडी राहते, वही जाते. दर लक्ष्मीपूजनास जिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून हळदकुंकू वाहिले, ती वही ही व्यापाऱ्याची अशी एकमेव जवळची वस्तू आहे की जी कायदा त्याच्यापाशी राहू देत नाही. १८७५ मध्ये ऋणकोने धनकोची वही जाळली. १९२० च्या कायद्यात ऋणकोने स्वतःचीच वही न्यायालयापुढे ठेवावयाची आहे.

४

साचा व जीवन यांचा संबंध प्रत्यक्ष तयारीच्या वेळी कसा येतो, हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतील गणपती पेठेत एकट्याच्या नावावर चालणारी हळदीची अडत पेढी आहे. शेजारच्या हरिपूर येथील पेवांतून माल साठविलेला आहे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. तोंड बंद केले की आतील हळद टिकून राहते आणि ती डोळ्यांनी दिसत नाही, केवळ वहीत दिसते. २००५ साली कृष्णेच्या महापुराने हरिपूरची पेवे पाण्याखाली गेली व माल नासला, ही घटना सर्वांस ठाऊक आहे. आपल्या कल्पित अडत्याचे दिवाळे त्या पुराने निघाले असे समजू.

तो अर्ज तयार करावयास बसतो. मालमत्तेच्या यादीत पेवातील पोती लिहावयाची काय? लिहिली तर मूल्य कोणते? न लिहिली तर कीर्दीत ती जमा असताना गेली कोठे, असा प्रश्न येईल. अर्जात पुराला रकाना नाही. म्हणून पंचनामा, भाडेपावती, तोलाईच्या चिठ्ठ्या असे पुरावे जोडून त्याला पूर सिद्ध करावा लागतो. त्याने खतावणी चोख ठेवली असेल तर ती त्याच्या बाजूने बोलते. पण पेढीवर कच्ची व पक्की अशा दोन वह्या असतील, तर आता दोन्ही त्याच्याविरुद्ध बोलतात. करातून सुटण्यासाठी केलेले लेखन दुर्दैवाच्या दिवशी त्याचे दुर्दैवही खरे मानू देत नाही.

नंतर देण्यांची यादी. बँकेचे कर्ज, मोठ्या खरेदीदारांची आगाऊ रक्कम, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे पैसे या बाबी वहीत असतात, त्या उतरवून काढणे सोपे. वहीत नसलेले ऋण मात्र कठीण. मेहुण्याने लग्नासाठी जमविलेल्या रकमेतून दिलेले हातउसने, दिवाणजीचा थकलेला पगार, हमालांची दोन महिन्यांची हमाली, हळद निवडणाऱ्या बायांची मजुरी, भिशीचा उरलेला हप्ता. हे सर्व धनकोच आहेत. ज्यांची नावे वाजवी काळजी घेतल्यास कळू शकतात त्या सर्वांची नावे द्यावीत, असा कायद्याचा आशय आहे. तरीही ही नावे यादीतून गळतात, कारण त्यांच्याकडे कागद नाही. यादीत नाव नाही म्हणजे नोटीस जाण्याची शाश्वती नाही. नोटीस नाही म्हणजे ऋण सिद्ध करण्यास ते येत नाहीत. आणि पुढे ऋणमुक्तीचा हुकूम झाला की, सिद्ध करता येण्याजोगी बहुतेक ऋणे संपतात. साच्याची तटस्थता अशी अखेर ज्याच्यापाशी कागद आहे त्याच्याच बाजूस झुकते. १८७५ मध्ये होता तोच पक्षपात येथे सौम्य रूपाने परत येतो.

मजुरांविषयी मूळ अधिनियमात जी अग्रक्रमाची तरतूद आहे ती वाचून आज विस्मय वाटतो. अर्जापूर्वीच्या चार महिन्यांतील कामाबद्दल नोकर किंवा मजूर यास इतरांआधी मिळावयाच्या रकमेची मर्यादा आहे २० रुपये. ऋणकोस अर्ज करण्यासाठी देणे किमान ५०० रुपयांचे हवे. १९२० साली हे आकडे अर्थपूर्ण होते. साच्यातील आकडा गोठला की दयाही गोठते, याचे हे ठळक उदाहरण होय.

यापेक्षाही बिकट पेच नीतीचा आहे. अर्ज करण्यापूर्वी उरलेल्या रोकडीतून आधी मेहुण्याचे पैसे भागवावेत, असे आपल्या अडत्यास वाटणारच. भाऊबंदांत तोंड दाखविता यावे, लेकीचे माहेर तुटू नये, यासाठी मनुष्य हेच करील आणि समाज त्याला भला म्हणेल. पण चोपन्नाव्या कलमाप्रमाणे अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोस इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली परतफेड रद्द ठरते. आणि मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन रद्द होऊ शकते. जे घरी इभ्रतीचे कृत्य तेच न्यायालयात कपट. येथे कायदा चुकतो असे मी म्हणणार नाही. मेहुण्याचे पूर्ण भागले म्हणजे हमालाचे बुडाले, हे गणित कायदा पाहतो आणि कुटुंब पाहत नाही. यादीचे नैतिक सामर्थ्य येथेच आहे : ती सर्वांना एका रांगेत उभे करते. कथानकात मेहुणा नायक झाला असता. यादीत तो एक क्रमांक आहे, आणि हमालही.

५

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हा साचा पुन्हा पालटला. आता साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीस स्वतः होऊन प्रक्रिया सुरू करावयाची असेल, तर दहाव्या कलमाखाली सहाव्या नमुन्यात अर्ज राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातो. त्यासोबत मागील दोन आर्थिक वर्षांची लेखापरीक्षित विवरणे, चालू वर्षाचे अर्जापूर्वी १४ दिवसांच्या आतील तारखेपर्यंतचे तात्पुरते विवरण, धनको-ऋणकोंच्या याद्या आणि भागधारकांचा विशेष ठराव जोडावा लागतो. नियमांनी ठरविलेले शुल्क २५,००० रुपये. कामगारांच्या बाबतीत मात्र ही संहिता पुष्कळ उदार आहे : अवसायनातील वाटपात त्यांच्या २४ महिन्यांच्या येण्यास तारणदार धनकोंच्या बरोबरीचे स्थान तिने दिले. व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता अमलात आला. एकट्याने धंदा करणारा आपला अडत्या त्यामुळे १९२० च्याच साच्यापाशी मागे उरला. सहकारी संस्थांची वाट तर तिसरीच. तेथे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली अवसायक येतो.

नव्या साच्यात तुरुंगाची सावली नाही, हे मोठे सुधारणेचे लक्षण. पण त्याबरोबर ‘मी’ जवळजवळ नाहीसा झाला आहे. वहीची जागा विवरणपत्राने घेतली, आणि विवरणपत्र हे मालकाच्या हाताचे लेखन नसते. भाषाही पालटली. जिल्हा न्यायालयात निदान मराठीतून अर्ज करण्याची सोय आहे. न्यायाधिकरणाचा व्यवहार इंग्रजीत चालतो. ज्या दिवाणजीने वीस वर्षे कीर्द लिहिली त्यास आपल्याच पेढीचा शेवटचा कागद वाचता येत नाही. कागद दुसऱ्याच्या हातात असण्याचे दुःख येथे पुन्हा डोकावते.

६

तर मग या गद्यप्रकाराचे मूल्यमापन कसे करावे? करीना श्रेष्ठ आणि यादी कनिष्ठ, असा सोपा निवाडा मी देणार नाही. यादीतही जीवन प्रकट होऊ शकते. चित्रकार रेम्ब्रँट १६५६ साली नादार झाला तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या घरातील वस्तूंची ३६३ नोंदींची यादी करण्यात आली. चित्रे, शिल्पे, शस्त्रे, शिंपले, सारे त्यात आहे. आज त्या थोर कलावंताचे अंतरंग जाणण्यासाठी अभ्यासक याच यादीकडे वळतात. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे, काहीही न गाळता लिहिले, एवढाच त्या यादीचा गुण; आणि तो पुरेसा ठरला.

याच कसोटीवर नादारीचा अर्ज पारखावा असे मला वाटते. त्याचा गुण संपूर्णता हा आहे, आणि त्याचा दोष गाळणे हा. चांगल्या अर्जात हमालाचे नाव मेहुण्याच्या नावाइतक्याच स्पष्ट अक्षरात असते. कागद नसलेले ऋण ‘तोंडी’ असा शेरा मारून का होईना, पण नोंदलेले असते. नासलेली हळद नासलेली म्हणून दाखविलेली असते. आणि न विचारलेल्या ‘का’चे उत्तर एका परिच्छेदात, अलंकार व आक्रोश टाळून, दिलेले असते. कायदा असा परिच्छेद मागत नाही, पण तो नाकारीतही नाही. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशावर टाकलेले इतिहासकथनाचे काम आता अर्जदाराने स्वतः करावयाचे आहे.

विद्यापीठीय अभ्यासकांना येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. सातारा व सांगली येथील जुन्या वकिलांच्या दप्तरांत अशा अर्जांचे मराठी मसुदे असण्याचा संभव आहे. खासगी नावे गाळून त्यांचा भाषिक अभ्यास व्हावा. अडत, पट्टी, तोलाई, हातउसने, भिशी, पेव या शब्दांना कायद्याच्या मराठीत नेमके स्थान मिळावे. कारण ज्या ऋणास शब्द नाही ते यादीत येत नाही, आणि यादीत न आलेले ऋण ज्याचे बुडते तो बहुधा सर्वांत गरीब धनको असतो.